रंग कुणाचा? : एका संगणकीय खेळातला दख्खनचा नकाशा

गेल्या वर्षी आषाढात माझा भाचा पुण्याहून साताऱ्याला आला तो लॅपटॉप आणि एक लांबलचक यादी घेऊनच. यादीत चाळीसेक ठिकाणांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने : मालक, धर्म, मुख्य उत्पन्न. "मामा, तारीख आहे 11 नोव्हेंबर 1444. त्या दिवशी यातलं कुठलं ठिकाण कुणाच्या ताब्यात होतं, एवढंच सांगा. तुमच्यासाठी दोन दिवसांचं काम आहे."

ते काम वर्षभर चालले आणि अजून पुरते संपलेले नाही. त्या कामातून जे हाती लागले, आणि त्यात माझीच एक जुनी चूक कशी उघडी पडली, ते या लेखात मांडतो आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जमिनीचे नकाशे काढून देणे हा माझा व्यवसाय. मोजणीच्या कच्च्या टिपणांवरून शाईचा नकाशा करायचा, वकिलांना दाव्यासाठी नकला काढून द्यायच्या, हे तीस वर्षे केले. जुन्या कागदांवरची अक्षरे वाचता येईनात म्हणून मोडी शिकलो, आणि मोडी आल्यावर इतिहासाचे वेड लागले. त्यामुळे भाच्याने नेमक्या माणसाला गाठले, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सॅलिस'. मुळात हा एका फ्रेंच पटखेळावरून घेतलेला, स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीचा संगणकीय खेळ. त्याची चौथी आवृत्ती 2013 मध्ये आली. या जातीच्या खेळांना ग्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात. आपण एखादे राज्य निवडायचे आणि 1444 पासून 1821 पर्यंत ते चालवायचे. कर, सैन्य, तह, सोयरिकी, व्यापार सगळे आपल्या हाती. समोर अख्ख्या जगाचा नकाशा असतो. तो हजारो प्रांतांत कापलेला, आणि प्रत्येक प्रांताला त्याच्या धन्याचा रंग. ज्यांना हा नकाशा अपुरा वाटतो ते हौशी लोक त्याच्या फायली उघडून तो सुधारतात. भाचा आणि त्याचे चार मित्र दख्खन सुधारायला बसले होते. कंपनीनेही हे काम एकदा केले आहे : सप्टेंबर 2018 मध्ये 'धर्म' नावाची पुरवणी आली, तेव्हा हिंदुस्थानच्या नकाशाची बरीच फेरआखणी झाली. तरी या मुलांचे समाधान नव्हते, आणि ते नव्हते हे मला आवडले.

आधी तारखेचे. 10 नोव्हेंबर 1444 रोजी काळ्या समुद्राकाठी वार्ना येथे उस्मानी तुर्कांनी हंगेरी-पोलंडच्या राजाचा पराभव केला. तो राजा तिथेच मारला गेला. खेळ सुरू होतो दुसऱ्या दिवशी. दख्खनच्या दृष्टीने तो दिवस कोणताही एक दिवस आहे. बिदरला बहमनी तख्तावर दुसरा अलाउद्दीन अहमदशाह, विजयनगरात दुसरा देवराय. दोघांची लढाई नुकतीच, 1443 मध्ये होऊन गेलेली. हेरातचा वकील अब्दुर रझ्झाक याच सुमारास विजयनगर पाहून गेला. म्हणजे आपल्याकडे सुरुवात एका धुमसत्या मध्यावर होते. खेळाचे नावच युरोपा आहे, तेव्हा याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

नावांचा रकाना सर्वांत सोपा गेला. मुलांच्या यादीत अहमदनगर होते. ते शहर मलिक अहमदने वसवले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस; 1444 मध्ये त्या जागी ते असण्याचे कारण नाही. तिथे जुन्नर किंवा दौलताबाद हवे. हैदराबाद होते, ते 1591 चे. औरंगाबाद होते, मलिक अंबरने खडकी वसवली 1610 च्या सुमारास, आणि औरंगजेबाचे नाव तिला त्याहून नंतर मिळाले. असली दुरुस्ती कोणीही चांगला वाचक करू शकतो. तिने काम झाल्यासारखे वाटते, हाच तिचा धोका.

मग मी नकाशाची फाईलच पाहायला मागितली. सवयीने आधी प्रमाण विचारले. मुलांना प्रश्न कळेना, म्हणून मीच हिशेब मांडला. त्या खेळाचा सगळा भूगोल एका चित्रात असतो. त्याची रुंदी 5632 ठिपके, उंची 2048. प्रत्येक प्रांताला एक वेगळा रंग दिलेला; ठिपक्याचा रंग तोच त्याचा पत्ता. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. सरळ भागाकार केला तर विषुववृत्तावर एक ठिपका म्हणजे सात किलोमीटर. जागोजाग नकाशा ताणलेला-दाबलेला असतो, त्यामुळे हा आकडा ढोबळच. पण ढोबळ आकड्यानेही डोळे उघडतात. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचे कोकण पन्नास ते ऐंशी किलोमीटर रुंद. म्हणजे खेळात कोकण सात ते बारा ठिपके रुंद आहे. मुंबईची सात बेटे दोन-तीन ठिपक्यांत संपतात. जंजिरा बावीस एकरांचा. एका ठिपक्यात असे पाचशेहून जास्त जंजिरे मावतील. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे यांपैकी कोणालाही न मिळालेली आणि थेट 1948 पर्यंत टिकलेली ती सत्ता या नकाशाच्या जाळीतून गळून पडते. तिला दाखवायचे तर खोटी मोठी करून दाखवावी लागेल. मी मुलांना म्हटले, करा. भिंतीवरच्या नकाशात रस्ता काढतो तोही प्रमाणाने शंभर पट रुंद असतो. त्याला कोणी खोटे म्हणत नाही.

खरा अडथळा कोकणाच्या ओळीत आला. यादीत 'कोकण' या नावापुढे मालक म्हणून एकच शब्द होता : बहमनी. हे चूक आहे का? अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याच्या वर्णनावरून चौल-दाभोळची बंदरे बहमनी व्यवस्थेत होती, याबद्दल शंका राहत नाही. मग कोकण बहमनींचे. पण फेरिश्ता दुसरीच हकिगत देतो. 1444 नंतर काही वर्षांतच मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याला कोकणातले किल्लेदार वठणीवर आणायला धाडले. त्याने शिर्क्यांना कोंडले. शिर्के म्हणाले, आधी माझा वैरी खेळण्याचा राजा; त्याला मोडा, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. शिर्क्यांनी वाट दाखवली ती अशा दाट रानातून, की फौज दऱ्यांत अडकली आणि रात्री कापली गेली. सेनापतीही गेला. उरलेले चाकणला परतले आणि तिथे दरबारी कटात मारले गेले. फेरिश्ता हे लिहितो दीडशे वर्षांनंतर, विजापूरच्या आश्रयाने, तेव्हा तपशिलाला थोडी सूट द्यावी. पण मुद्द्याला दुजोरा आहे. महमूद गवानला 1469 ते 1472 अशी मोठी मोहीम याच मुलखात काढावी लागली, तेव्हा कुठे खेळणा आणि पाठोपाठ गोवा हाती आले. 'रियाज-उल-इन्शा' या त्याच्या पत्रसंग्रहात या मोहिमेची पत्रे आहेत. स्वतःच्याच प्रांतावर कोणी तीन-तीन वर्षे स्वाऱ्या करत नाही.

तेव्हा 1444 मध्ये बंदर सुलतानाचे, बंदराच्या पाठीमागचा डोंगर शिर्क्यांचा, त्यापलीकडचा गड खेळण्याच्या राजाचा, आणि उत्तरेला माहीम तर गुजरातच्या सुलतानाकडे. त्यावरून दोन्ही सुलतानांची 1430 च्या सुमारास झटापट होऊन गेलेली. रकान्यात शब्द मात्र एकच मावतो.

मुलांनी हुशारीने उपाय काढला. कोकणाचे चार तुकडे करू. दोन बहमनींना, एक शिर्क्यांना, एक खेळण्याला. मी मान डोलावली. हे आधीच्यापेक्षा निश्चित बरे होते. मग त्यांनी तो करून खेळून दाखवला, आणि मला दुसरीच गोष्ट दिसली. बहमनी सैन्याचे बाहुले देशावरून निघाले आणि सरळ कोकणात उतरले. कुठूनही. दोन प्रांतांची कड एकमेकींना लागलेली असली की फौज ओलांडून जाते, असा नियम. डोंगराळ प्रदेशाचा त्रास म्हणून लढाईत थोडा तोटा धरला जातो, चालही थोडी मंदावते. खलफ हसनची फौज ज्या कारणाने संपली ते कारणच पटावर नव्हते.

सह्याद्रीबद्दल या नकाशाची मोठी चूक, तो कुणाचा दाखवला ही नाही. तो कसाही ओलांडता येतो, ही आहे. नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा : देश आणि कोकण यांच्यातला सगळा इतिहास अशा मोजक्या फटींतून वाहिला. दोन प्रांत शेजारी असूनही त्यांच्यामधून वाट नाही, असे या खेळाला सांगता येते. त्यासाठी वेगळी तरतूद आहे. मी आग्रह धरला की मालकांच्या रकान्याआधी घाटांची यादी करू. त्या कामाला महिना लागला, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत प्रामाणिक सुधारणा तीच झाली. आता त्यांच्या नकाशात देशावरून कोकणात जायला ठरावीक वाटा आहेत. त्या ज्याच्या हाती, त्याला कोकणाची चावी मिळते. प्रांताचा रंग कोणताही असो.

लहानपणी आम्ही देवळाच्या फरशीवर खडूने पट आखून मोगल-पठाण खेळायचो. सोळा सोंगट्या इकडच्या, सोळा तिकडच्या. त्या पटावर घरे नसतात. रेषा असतात आणि सोंगटी बसते ती रेषांच्या सांध्यावर. सांधा अडवला की वाट अडली. आपल्याकडचे राज्य कसे चालले ते त्या खडूच्या पटाला जास्त नीट कळले होते, असे मला हल्ली वाटू लागले आहे. मी पाहिलेल्या मोडी अक्षरांच्या जुन्या नकाशांतही असेच दिसते. नद्या ठळक, गड मोठे, घाट आणि गावे नावांनिशी. राज्याच्या सीमेची रेघ मात्र त्यांत सापडत नाही.

इथपर्यंत प्रश्न प्रमाणाचा आणि भूगोलाचा होता. पुढचा प्रश्न हक्काचा आहे, आणि तिथे तुकडे करूनही सुटका नाही.

खेळात प्रत्येक प्रांताच्या फाईलमध्ये एक ओळ मालकाची, एक ताबेदाराची असते. शांततेत दोन्ही एकच. लढाईत शत्रूने प्रांत व्यापला की ताबेदार बदलतो आणि नकाशावर दुसऱ्या रंगाचे पट्टे उमटतात. तह झाला की पट्टे पुसले जातात. युरोपात सतराव्या शतकानंतर हे बरेचसे जुळत असेल. दख्खनमध्ये मात्र पट्टे हीच शांततेतली नेहमीची स्थिती होती.

सर्वांत ठळक उदाहरण 1719 चे. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. स्वराज्याची एक, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची एक, त्याच सुभ्यांच्या सरदेशमुखीची एक. सुभे मोगलांचेच राहिले, पुढे निजामाचे झाले. वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर शेकडा दहा सरदेशमुखी मराठ्यांची. हा पैसा निजामाच्या खजिन्यातून साताऱ्याच्या खजिन्यात येत असता तर खेळात त्याची सोय होती. तिथे मांडलिक राज्य दरसाल खंडणी भरते. पण चौथाईचा कमाविसदार स्वतः परगण्यात जाऊन बसे. एकाच गावच्या पाटलाकडे मोगलाई अंमलाचाही माणूस येई आणि मराठ्यांचाही. कागदोपत्री याला दुअंमल म्हणत. बरे, ती चौथाई तरी एकाची होती का? तिचा चौथा भाग राजबाबती म्हणून छत्रपतींचा. शेकडा सहा साहोत्रा, तो पंतसचिवांकडे. शेकडा तीन नाडगौडा. तो छत्रपती देतील त्याला. उरलेला शेकडा सहासष्ट मोकासा, तो सरदारांचा. आणि एकेका परगण्याचा मोकासाही अनेकांत विखुरलेला. एका गावाचे उत्पन्न पाच-सहा दिशांना जात होते आणि गावाला ते तोंडपाठ होते.

आता या गावाला कोणता रंग द्यायचा? भाच्याने विचारले, "जास्त हिस्सा ज्याचा त्याचा?" मग तो निजामाचा हिरवा. पण ज्या पंचवीस आणि दहा टक्क्यांच्या जोरावर मराठे पुढे नर्मदेपार गेले ते त्या रंगाखाली पुसले गेले. या खेळात मराठा राज्य सुरुवातीला नसते, अटी पुऱ्या केल्या की घडवता येते. ते घडवून पोरे प्रांतामागून प्रांत रंगवत दिल्लीपर्यंत जातात. पण 1719 ची सनद मात्र या खेळात मिळवता येत नाही. ती मागण्याची जागाच नाही. जमीन जिंकता येते. जमिनीवरचा हक्क घेऊन जमीन दुसऱ्याकडे ठेवता येत नाही. अठराव्या शतकातले मराठी राजकारण ज्या युक्तीवर उभे आहे तीच वजा होते, आणि उरतो तो एक साधा विजेता. खेळणाऱ्या मुलाला त्यात अभिमान वाटतो. मला ती आपल्या माणसांची किंमत कमी करणारी गोष्ट वाटते.

यावरून भाच्याच्या एका मित्राशी माझा वादही झाला. 1648 मध्ये पुणे भगवे हवे, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, 1636 च्या तहाने निजामशाहीची वाटणी झाली आणि पुणे प्रांत आदिलशाहीकडे गेला, मोकासा शहाजीराजांचा, प्रत्यक्ष कारभार शिवाजीराजांचा, आणि या सगळ्यांच्या खाली देशमुख-देशपांड्यांचे वतन, जे निजामशाहीतही होते आणि पुढेही राहिले. "म्हणजे काका, तुम्ही पुणे आदिलशाहीला देणार?" तो तिडकीने बोलला. त्याच्या तिडकीचा मला राग आला नाही. नकाशाने त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते. बादशाही चौकटीच्या आत राहून तिच्याच हक्कांच्या भाषेत एक तरुण आपले राज्य कसे उभे करत गेला, हे रंगाच्या डब्यातून सांगताच येत नव्हते.

हे सारे स्वीडनच्या कंपनीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. तसे करणे अन्यायाचे होईल, कारण हा रंग तिने शोधलेला नाही. जेम्स रेनेलने 1782 मध्ये हिंदुस्थानचा नकाशा काढला. राज्ये इतकी हलती होती, की विभागणीसाठी त्याने दोनशे वर्षांपूर्वीचे अकबराचे सुभे पत्करले. रेघ हवी, आणि रेघ तर सापडत नाही, अशी त्याचीही अडचण. पुढे 1907 मध्ये चार्ल्स जोपेन या जेझुइट पाद्र्याचा ऐतिहासिक नकाशासंग्रह शाळा-कॉलेजांसाठी निघाला. अमुक साली हिंदुस्थान, प्रत्येक सत्तेला एक सपाट रंग. आपल्या शाळांच्या भिंतींवरचे नकाशे याच घराण्यातले. जोसेफ श्वार्ट्झबर्गने 1978 मध्ये दक्षिण आशियाचा प्रचंड ऐतिहासिक नकाशासंग्रह काढला, त्यात सत्तांच्या कक्षा एकमेकींवर चढलेल्या दाखवण्याची धडपड दिसते. तो ग्रंथ मी पहिल्यांदा पुण्यात एका ग्रंथालयात उभ्याउभ्या चाळला, तेव्हा पाने गोंधळाची वाटली होती. आता वाटते, तो गोंधळ खरा होता.

खेळाची पाचवी आवृत्ती नोव्हेंबर 2025 मध्ये आली. ती सुरू होते 1 एप्रिल 1337 रोजी. म्हणजे देवगिरीचे दौलताबाद होऊन दहा वर्षे झालेली, दिल्लीला मुहम्मद तुघलक, आणि बहमनी राज्य जन्मायला अजून दहा वर्षे. तिच्यात एक बदल माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे. प्रत्येक ठिकाणी मालकाची पकड किती, याचा आकडा असतो, आणि राजधानीपासून लांब गेले की तो उतरत जातो. माणसेही जात-धर्म-वर्गांत मोजलेली. एका प्रांताला एकच धर्म, एकच संस्कृती हा जुना नियम गेला. काही सत्तांना जमीनच नसते, नुसती पेढी किंवा फौज असते. मी हे पाहून भाच्याला म्हटले, कोंढाणा काढ. 1328 च्या सुमारास नागनायक नावाच्या कोळ्याने तो गड मुहम्मद तुघलकाच्या फौजेविरुद्ध आठ महिने लढवला, असे इसामी सांगतो. इसामीचा ग्रंथ 1350 चा, म्हणजे जवळजवळ समकालीन. गड पडला, पण सुलतान स्वतः दख्खनमध्ये असताना एका गडाला आठ महिने लागतात, तिथे पकडीचा आकडा किती धरायचा? हा प्रश्न निदान विचारता येतो, ही प्रगती आहे. मात्र पकड कमी असली तरी मालक एकच. उरलेली पकड कुणाची, हे नकाशा विचारत नाही. ती जणू हवेत विरते. नागनायक तिथे आकड्यातली तूट म्हणून उरतो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

फाल्गुनात मुलांनी 1674 चा टप्पा दाखवला. राज्याभिषेकाच्या वेळचे स्वराज्य. पूर्वेची सीमा फलटणकडून दक्षिणेला येते आणि माण-खटावच्या तोंडाशी एकदम आत, पश्चिमेला वळते. मग पुन्हा बाहेर जाते. मी त्या वळणाकडे पाहत राहिलो. "हे कशावरून घेतलं?" मुलांनी फोनमधला फोटो दाखवला. एका शाळेच्या व्हरांड्यातला फ्लेक्स. खाली बारीक अक्षरात माझेच नाव.

तो नकाशा मी पंचवीस वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेसाठी काढला होता. गड आणि ठाणी मी कागदपत्रांवरून नीट टिपली होती, त्याबद्दल आजही खात्री देतो. पण संपादकांना सीमा हवी होती, भगव्या रंगाने आत भरायला. मग एका रात्री ट्रेसिंग पेपरवर मी गडांच्या बाहेरून एक डौलदार वळण ओढले. नकाशाची सूची, म्हणजे गडाची खूण कोणती, ठाण्याची कोणती ते सांगणारी चौकट, मी आधीच उजव्या बाजूला शाईने काढून बसलो होतो. ती माण-खटाववर येत होती. पुन्हा सगळे काढण्याचा कंटाळा केला आणि रेघच आत वळवली. त्या वळणाला एकाही कागदाचा आधार नाही. चौकटीचा आहे. पुढे स्मरणिकेतून फ्लेक्स झाला, फ्लेक्सवर सूची छापलीच नाही, वळण तेवढे राहिले. तिथून ते मुलांच्या फोनमध्ये, आणि आता ते जगात कोणीही उतरवून घेऊ शकेल अशा एका खेळात जाऊन बसणार होते. बहमनी कोकणावरून वर्षभर मी त्यांची उलटतपासणी घेत होतो.

मी सांगितले. भाचा आधी हसला, मग गप्प झाला. एकाने विचारले, "मग बाकीची रेघ?" बाकीचीही तशीच, मी म्हटले.

ज्या माणसाने आयुष्यभर बांधावरून भांडणारी माणसे पाहिली त्याने असे करावे, हे मला जास्त लागले. आपल्याकडे सीमा नव्हत्या असे कोणी म्हणू नये. गावची शीव हातभर सरकली तर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. ओढा, जुने झाड, पुरलेला दगड, यांच्या साक्षी निघत. गोत बसे, महजर होई. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा एकाने डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवायची, असे दिव्यही होते. खोटी चालला तर घरादारावर गंडांतर, ही श्रद्धा. शिवेची रेघ ओढायला माणूस आपला जीव पणाला लावत होता. राज्याची रेघ तशी कोणी चाललेले नाही, कारण राज्य तसे मोजलेच जात नव्हते. ते मोजले जाई गडांत, ठाण्यांत, परगण्यांत आणि वसुलाच्या हिश्शांत. मी गावच्या शिवेची नजर घेऊन राज्याकडे पाहिले आणि न चाललेली शीव शाईने पक्की केली.

मुलांना मी शेवटी तीन गोष्टी लिहून दिल्या. घाटांची यादी वाढवत न्या. कोकणाचे आणखी तुकडे करू नका. त्याऐवजी बंदरे आणि गड वेगळे काढा, ते प्रमाणात बसत नसले तरी. आणि 1719 नंतर निजामाच्या सहा सुभ्यांवर ते युद्धातले पट्टे कायमचे ठेवता येतात का ते पाहा. तिसऱ्यावर ते अजून झगडत आहेत. खेळाचे यंत्र पट्टे दिसले की लढाई चालू आहे असे समजते आणि प्रांताचा महसूलच बंद पाडते. दुअंमलाच्या गावात महसूल कधी बंद पडला नव्हता, उलट रयतेला दोनदा तगादा होता.

शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापकांना फ्लेक्स उतरवायला सांगितला. ते म्हणाले, मुलांना त्यावरूनच शिकवतो, दुसरा द्या आणि मग हा काढू. रास्त होते. म्हणून पुन्हा ट्रेसिंग पेपर घेतला आहे. या वेळी सूची समुद्रात टाकली. गड, ठाणी, घाट, बंदरे टिपून झाली. माण-खटावची ठाणी पुन्हा तपासली, त्यांतल्या दोन ठिकाणी वर्षागणिक अंमल बदललेला दिसतो, तिथे दोन्ही खुणा शेजारी ठेवल्या. रेघ ओढलेली नाही. कच्ची प्रत भाच्याला पाठवली होती. त्याचा निरोप आला : "मामा, हे नुसते ठिपके आहेत. रंग कुठपर्यंत भरू?"

त्याला अजून उत्तर दिलेले नाही. मुख्याध्यापकही तेच विचारणार आहेत.